उतारावर लावलेली गाडी

वारजे, पुणे
३ सप्टेंबर २०२५

ती. कासिमकाका यांस,

सलाम.

पप्पा तुम्हाला सलाम म्हणायचे आणि तुम्ही त्यांना जयभीम घालायचात. ती रीत मी मोडत नाही.

फोन का केला नाही म्हणाल, तर पप्पांनी सांगून ठेवलं होतं, "कासिमला खरंच काही विचारायचं असेल तर पत्र टाक. फोनवर त्याला ऐकू येत नाही आणि ते तो कबूल करत नाही. नुसता हो-हो करतो." रागावू नका, त्यांचेच शब्द आहेत.

पप्पांना जाऊन आठ महिने होतील. तुम्ही मिरजेहून आला होतात, पण त्या गर्दीत आपलं बोलणं झालंच नाही. सगळे मांडवात बसले होते आणि तुम्ही एकटेच बाहेर पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होतात. मी खिडकीतून पाहिलं होतं.

गाडी आता मीच चालवते. धंदाही तोच, हडपसरच्या पलीकडच्या नर्सऱ्यांतून झाडं भरायची आणि कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत पोचवायची. मला ते आवडतं. अडचण एकच आहे. सकाळी गाडी सुरूच होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. मग बॉनेट उघडून हाताने प्रायमर दाबत बसायचं, डिझेल वर आलं की मग कुठे धूर सोडते. दुपारी गरम असली की काही तक्रार नाही.

पप्पांच्या वेळी असं एकदाही झालं नाही. पण पप्पा गाडी कायम उतारावर लावायचे, तोंड खाली करून. घरासमोर जागा मोकळी असली तरी तिकडे टेकडीच्या रस्त्याला नेऊन लावायचे आणि दोनशे पावलं चालत घरी यायचे. आम्ही खूप थट्टा करायचो. आता त्या उतारावर नव्या बिल्डिंगचं गेट झालंय आणि वॉचमन कुणालाच उभं राहू देत नाही. गाडी सपाटीवर आली आणि दुखणं बाहेर पडलं.

तुमच्याकडे शिकलेल्या अल्ताफभाईंना दाखवली. बिबवेवाडीत त्यांचं मोठं गॅरेज झालंय. ते म्हणाले, टाकीतलं डिझेल इंजिनपर्यंत ओढून आणणारा फीड पंप थकलाय, रात्रभरात लाइनमध्ये हवा शिरते. कंपनीने तो पंप बनवणं कधीच बंद केलंय, म्हणून मी नाना पेठेत गेले. दुकानदाराने तीन पंप काउंटरवर मांडले. एक आपल्याच नमुन्याचा, पण दुसऱ्या कारखान्याचा. दुसरा विजेवर चालणारा, टाकीजवळ बसवायचा. तिसरा जुनाच, उघडून नवा केलेला. मी विचारलं, "तिन्ही चांगले आहेत का?" तर म्हणाले, "वाईट आम्ही विकत नाही, ताई. लोक वाईट बसवतात."

कुठला घेऊ? लवकर कळवा. प्रज्ञेशदादा म्हणतो, दिवाळीपर्यंत गाडी रोज पहिल्या सेल्फला सुरू झाली तर ठेवू, नाहीतर विकू. तो वाईट नाही, काका. दोनदा ऑफिसच्या आधी हडपसरहून वारज्याला येऊन त्याने बॅटरी जोडून दिलीय. पण गाडी गेली तर पप्पांचं माझ्याकडे काय उरतं, हे मला त्याला समजावता येत नाही.

आईचा नमस्कार.

तुमची,
अक्षता

*

मिरज
१० सप्टेंबर २०२५

चि. अक्षूस,

जयभीम, बेटा, आणि खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मेहनाजने आणून दिलं. लेकीच्या घरी माझ्या नावाने टपाल आलं की ती पाकीट उलटंसुलटं करून बघते. मी म्हटलं, गॅरेजचं पत्र आहे, तुला नाही कळायचं. फार बरं वाटलं असं म्हणताना.

कचरू माझ्या कानांबद्दल म्हणाला ते खरं आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला, अशी पस्तीस वर्षं ऐकली मी इंजिनं. कान त्यातच खर्च झाले. पण काय आवाज ऐकले म्हणून सांगू! तुझ्या पप्पाची गाडी गाडीतळाच्या कोपऱ्यावर वळली की मी गाडीखाली झोपल्या झोपल्या हाक द्यायचो, "कचरू आला, चहा सांगा." एकदाही चुकलो नाही.

गॅरेजसमोरचा तो कडुनिंब आठवतो? कचरूनेच लावलेला. एका सोसायटीने रोप परत पाठवलं, म्हणे शेंडा वाकडा आहे. हा म्हणाला, "वाकडं आहे ना, मग कासिमच्या दारात शोभेल." आता तिथे मोबाइलचं दुकान आहे म्हणतात. झाड आहे का अजून? तिकडून गेलीस तर बघ.

आणि दसऱ्याला सगळे गाड्यांना हार घालायचे तेव्हा हा हार न घेता ऑइलचा डबा घेऊन यायचा. "आपल्यात हार-बीर नाही, पण गाडीलाही सणाचं जेवण पाहिजे." त्या दिवशी ऑइल बदलायचंच. तुझी नूरबानूकाकी डब्यात शेवया द्यायची. आदल्या दिवशी मी नळीने तोंडाने डिझेल ओढलेलं असायचं, त्यामुळे मला शेवयांनाही डिझेलचीच चव लागायची आणि ती बोलायची, "तुमच्यापुढे काय रांधायचं, कुणी सांगा." कचरू माझा वाटा खाऊन टाकायचा.

आता पंपाचं. तू विजेवरचाच घे. टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला बसव. तो ढकलतो चांगला, ओढत नाही नीट. त्याच्याआधी एक छोटा फिल्टर टाक. इंजिनवरचा जुना पंप आहे तसा राहू दे, फक्त नळ्या वळवून घे. तो उघडायचा नाही. अल्ताफलाही उघडू देऊ नकोस. जुन्या गाडीत नको तिथे हात घातला की नवी दुखणी लागतात.

गाडी विकू नका. प्रज्ञेशला माझं नाव सांग.

कासिम

*

वारजे
२४ सप्टेंबर २०२५

ती. कासिमकाका,

सलाम.

कडुनिंब आहे. चांगला दोन मजली झालाय आणि शेंडा अजून वाकडाच आहे. मोबाइलवाल्याने त्याला खिळा ठोकून बोर्ड लावलाय. मी गाडी थांबवून खाली पडलेली एक डहाळी उचलली, सोबत पाठवतेय. पोचेपर्यंत वाळेल.

पंपाच्या बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. आधीच माफी मागते. विजेवरचा घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "दाब किती लागतो ते माहीत आहे का?" मला कुठलं माहीत. ते म्हणाले, दाब जास्त झाला तर पुढच्या मोठ्या पंपाचं सील जातं आणि मग इंजिनात डिझेल शिरतं. अल्ताफभाईही तेच म्हणाले. शिवाय वायर सैल झाली आणि गाडी भरल्या मालासकट पुलावर बंद पडली तर? आणि नवा केलेला जुना पंप किती दिवस टिकेल हे दुकानदारालाही सांगता येईना. म्हणून आपल्याच नमुन्याचा, इंजिनवर बसणारा पंप घेतला. तीन दुकानांत हातात घेऊन पाहिला. ज्याची दांडी हलकी चालली आणि झडप नीट पकडत होती तोच निवडला. हे पाहायला पप्पांनीच शिकवलं होतं. दुकानदार म्हणाले, "तुम्हाला कळतंय की थोडंफार." पुण्यात याला शाबासकी म्हणतात, काका.

अल्ताफभाईंनी स्वतः बसवला. जुना पंप काढला तर त्याच्याखाली बोटभर जाडीची एक ॲल्युमिनियमची पट्टी निघाली, घरी घडवल्यासारखी. मी विचारलं, ही कसली? ते म्हणाले, "ही उस्तादांच्या हातची आहे, बघा, कडा कशा घासल्यात. उस्तादांनी घातलीय म्हणजे काहीतरी कारण असणार." त्यांनी ती पुसली, खरंच कपाळाला लावली, आणि नव्या पंपाखाली जशीच्या तशी बसवली.

दोन दिवस गाडी सुरू झाली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. आता तर आधीपेक्षा जास्त वेळ प्रायमर दाबावा लागतो. मला वाटतं, अल्ताफभाईंच्या हाताला ते वळण नाही. माणूस भला आहे, पण तुमच्यासारखं काम नाही. दादाने एक गिऱ्हाईक पाहून ठेवलंय.

तुम्हीच काहीतरी सुचवा.

अक्षता

*

मिरज
३० सप्टेंबर २०२५, पोस्टकार्ड

चि. अक्षता,

जयभीम. डहाळी पोचली. उशाशी ठेवली आहे.

तब्येत जरा बरी नव्हती म्हणून उशीर झाला. पंप दुसऱ्या कारखान्याचा बघ. नळ्यांचे जोड घट्ट करून घे. टाकीचं झाकण बघ, त्याचं भोक बुजलं असेल. मी तरी इतक्या लांबून काय सांगणार.

अल्ताफला काही बोलू नकोस.

कासिम

*

वारजे
६ ऑक्टोबर २०२५, स्पीड पोस्ट

ती. कासिमकाका,

सलाम.

झाकण पाहिलं. जोड पाहिले. वॉशर बदलले. काही फरक नाही. तुमचं कार्ड वाचून खरं सांगते, वाईट वाटलं. चार ओळींत मला वाटेला लावल्यासारखं वाटलं. तब्येत बरी नसेल तर राग नाही.

अल्ताफभाईंना मी बोलले नाही, पण दादा बोलला. गॅरेजमध्ये, चार गिऱ्हाइकांसमोर. म्हणाला, "जमत नसेल तर सरळ सांगायचं होतं." अल्ताफभाई खाली मान घालून उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "उस्तादांचं काम आमच्याच्याने पुढे नाही नेता आलं."

रविवारी १२ तारखेला गिऱ्हाईक येतंय. सुरू झाली तर चालवत नेतील, नाही झाली तर टोचन करून ओढत. दादाच्या मित्राकडून येतायत. मला आता नाही म्हणायला तोंड उरलेलं नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल मी गाडी रिकामी करत होते. ड्रायव्हरच्या सीटखाली, जॅकच्याही मागे, पप्पांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेलं एक खोकं मिळालं. आत कोराकरकरीत फीड पंप आहे. कंपनीचा, आता मिळत नाही तो. बिल नाना पेठेतलं, ५ सप्टेंबर २०११ चं. आणि खोक्यावर बॉलपेनने पप्पांच्या अक्षरात लिहिलंय:

"कासिम स्वतः म्हणेल तेव्हा बसवायचा."

काका, हे काय आहे? पप्पांनी तेरा वर्षं नवा पंप सीटखाली ठेवला आणि गाडी उतारावर लावली? आणि तुम्ही काय म्हणायचं होतं? आईला विचारलं तर ती म्हणाली, "आधी कासिमभावजींना विचार. त्यांनी नाही सांगितलं तर मी सांगेन."

मी विचारतेय.

अक्षता

*

मिरज
८ ऑक्टोबर २०२५, स्पीड पोस्ट

माझ्या अक्षू,

जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मेहनाज विचारत होती अब्बा का रडताय. मी सांगितलं डोळ्यांत चुना गेला. घरात चुनाच नाही.

आधी कामाचं सांगतो, कारण रविवार जवळ आला आहे. ती पट्टी काढून टाक. तू घेतलेला पंप सरळ इंजिनवर बसव, मध्ये फक्त पातळ पॅकिंग. बस्स. तुझा पंप चांगला आहे, तुझी निवड बरोबर होती, आणि अल्ताफचा हातही चांगला आहे. त्या खोक्यातला बसवू नकोस. आतलं रबर चौदा वर्षांत कडक झालं असणार.

आता उरलेलं. २०११ चा रमजान. नूरबानू दवाखान्यात होती, तुला आठवत असेल, तुम्ही लहान होता. कचरूचा पंप गेला आणि त्याला दुसऱ्या दिवशी झाडं पोचवायची होती. माझ्याकडे फळीवर एक पंप होता तो मी लावायला घेतला. माझं अर्धं लक्ष दवाखान्यात. पंप दुसऱ्याच इंजिनचा होता. त्याची दांडी लांब, बसेना. शहाण्या माणसाने तिथे थांबायला पाहिजे होतं. मी लेथवाल्याकडून पट्टी कापून आणली, कडा घासून खाली घातली आणि पंप बसवून दिला. पट्टीही जाड झाली. दांडी अर्धीच हलायची आणि पंप अर्धंच डिझेल ओढायचा. गाडी चालायची, कारण पुढचा मोठा पंप थोडंफार स्वतः ओढून घेतो. पण रात्रभर सपाटीवर उभी राहिली की हवा धरणार. उतारावर तोंड खाली करून लावली की टाकी वर येते, डिझेल आपोआप पुढे राहतं. आता तुझ्या पंपाची दांडी आखूड. त्या पट्टीवर ती जेमतेम टेकत असेल. म्हणून तुझं दुखणं वाढलं.

हे मला ईदच्या दुसऱ्या दिवशी कळलं, फळीवर पंपाचं खोकं आणि त्यावरचा नंबर दिसला तेव्हा. तोवर मी चुकीचा भाग कधी लावला नव्हता. तेवढ्यात कचरू आला. मी विचारलं, "गाडी कशी आहे?" तो म्हणाला, "झकास." मी म्हटलं चला, त्याला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगू. मग नूरबानू गेली. मग पुढचा आठवडा आलाच नाही.

म्हणून तुला विजेवरचा घे म्हटलं. गाडीच्या भल्यासाठी नाही, त्या पट्टीपर्यंत कुणाचा हात जाऊ नये म्हणून. म्हणून ते चार ओळींचं कार्ड. माझ्या चुकीपायी अल्ताफने चारचौघांत मान खाली घातली आणि मी इथे झाकणाचं भोक तपासायला सांगत होतो. त्याला वेगळं पत्र लिहिलं आहे. प्रज्ञेशलाही हे वाचायला दे.

कचरूला सगळं माहीत होतं तर. योग्य पंप घेऊन ठेवला आणि तेरा वर्षं माझ्या बोलण्याची वाट बघत बसला. दर दसऱ्याला माझ्यासमोर बॉनेट उघडून उभा राहायचा तो. मी ऑइल बदलायचो आणि त्या पंपाकडे न बघता बॉनेट बंद करायचो. आता वाटतं, तो मला संधी देत होता. एक वाक्य होतं, अक्षू. "कचरू, माझं चुकलं." मिरजेहून आलो तेव्हा बॉनेटवर हात ठेवून तेच म्हणत होतो. ऐकायला तो नव्हता.

तुझा कासिमकाका

*

वारजे
१४ ऑक्टोबर २०२५

ती. कासिमकाका,

सलाम.

तुमचं पत्र शनिवारी सकाळी आलं. मी ते घेऊन तशीच रिक्षाने बिबवेवाडीला गेले. अल्ताफभाईंच्या हातात तुमचं त्यांच्या नावचं पत्र आधीच होतं. ते गॅरेज सोडून माझ्याबरोबर वारज्याला आले. पट्टी काढायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती पट्टी ते टाकून देईनात. म्हणाले, "उस्तादांचं काम शिकलो होतो, आता उस्तादांची चूकही शिकलो. भिंतीला लावतो." आपल्या हत्यारांच्या शेजारी लावणार आहेत.

गाडी मुद्दाम घरासमोर सपाटीवर लावली. रविवारी सकाळी दादा गिऱ्हाइकाला घेऊन आला. मी किल्ली दादाच्याच हातात दिली. अर्धा सेल्फ, काका. अर्धासुद्धा नाही. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसूनच राहिला. पप्पा गेल्यापासून तो त्या सीटवर बसलाच नव्हता. गिऱ्हाईक म्हणाला, "आवाज मस्त आहे, घेतो." दादा खाली उतरला आणि त्याला म्हणाला, "तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. गाडी चालू आहे, त्यामुळे विकायची नाही." गिऱ्हाईक म्हणाला, "म्हणजे बंद असती तर विकणार होता? तुम्ही पुणेकर धन्य आहात." दुपारी दादा तुमचं पत्र घेऊन अल्ताफभाईंकडे गेला. काय बोलला मला माहीत नाही. संध्याकाळी दोघं एकत्र चहा पिऊन आले.

तुम्ही सांगितलंत, म्हणून मग आईनेही सांगितलं. पप्पांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. स्वतः नाना पेठेत जाऊन त्यांनी पंप आणला आणि तुमच्याकडे निघाले, त्याच दिवशी नूरबानूकाकी गेल्याची बातमी आली. तुम्ही तेव्हा म्हणत होतात ना, गॅरेज बंद करतो म्हणून? पप्पा घरी येऊन आईला म्हणाले, "कांता, आता त्याला चूक दाखवली तर तो पुन्हा पाना हातात धरणार नाही. त्याचं दुःख ओसरेल, तो स्वतःच म्हणेल. तोवर मी गाडी उतारावर लावतो. माझं काय जातंय, दोनशे पावलं तर चालायचं." आई म्हणाली, दुसऱ्या मेकॅनिककडून बसवून घ्या की. त्यावर पप्पा चिडले. "कासिमच्या कामावर दुसऱ्याचा हात फिरवू?"

ते तुमच्यावर कधी रागावले नव्हते, काका. आई शपथेवर सांगते. शेवटच्या वर्षी गुडघे दुखायचे तेव्हाही ते त्या उतारापर्यंत जायचे आणि परत येताना म्हणायचे, कासिमकडे जाऊन आलो. आम्हाला वाटायचं वयामुळे बोलतायत काहीतरी.

तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी पप्पांच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं. मग तो खोक्यातला पंप अल्ताफभाईंना दिला. त्यांनी रबर बदललं, झडपा तपासल्या. म्हणाले, आता हा अजून वीस वर्षं जाईल. माझा पंप उत्तम चाललाय, त्यामुळे घाई नाही. पण खोक्यावर लिहिलंय तसंच व्हायला हवं. तुम्ही ते म्हणालात, म्हणून आता तुमच्याच हाताने तो बसला पाहिजे. आता हातांत पूर्वीइतका जोर नसेल. पाना तुम्ही धरा, जोर मी लावीन.

येत्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन मिरजेला निघतेय, तुम्हाला आणायला. मेहनाजताईंना सांगून ठेवा, दिवाळी आमच्याकडे. वाटेत गाडीतळावर थांबून कडुनिंबाच्या अंगातला तो खिळाही काढू.

आई विचारत होती, मेहनाजताईंच्या दारात गाडी लावायला उतार आहे का. मी तिला सांगितलं, आता लागत नाही.

तुमची,
अक्षता